आर्मी कल्याणला हाय

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा फोन रुसला की तो माझ्याकडे येतो. मी काही दुकानवाला नाही. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला सगळी नोकरी काढली, गेज आणि व्हॉल्व सांभाळले, त्यामुळे बारीक स्क्रू ड्रायव्हर हातात धरायची भीती वाटत नाही, एवढंच माझं शिक्षण. पण बोईसरसारख्या गावात निवृत्त माणसाला कुणीतरी कशासाठी तरी विचारतंय, हेच पुष्कळ असतं. म्हणून मी चहा ठेवतो, चष्मा लावतो आणि सुरू होतो.

फोन दिवसरात्र चार्जरला लावून ठेवू नका हो, तो काय सलाइनवरचा पेशंट आहे? ऐंशीपर्यंत नेला की काढा. पोलीस आहे म्हणून कुणी व्हिडिओ कॉल केला तर कट करा, पोलिसांना एवढा वेळ नसतो. फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक फोनमध्ये आणि एक फोनच्या बाहेर. आणि जागा भरली असेल तर आधी शुभ सकाळची फुलं उडवा, मग व्हॉइस मेसेज. एकदा ऐकलेला आवाज पुन्हा कोण ऐकतो? ऐकलं की उडवायचं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकवलंय की दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मला बघितलं की स्वतःच म्हणतात, उडवलं काका, उडवलं.

चहा पिऊन माणसं जातात. मग पुन्हा फोन बिघडेपर्यंत कुणी येत नाही. खोटं कशाला बोलू, चार-पाच दिवस बेल वाजली नाही की कुणाचा तरी फोन बिघडावा असं मला वाटतं.

ही जाऊन दोन वर्षं झाली. ही म्हणजे माझी बायको. तिचं नाव मी जन्मात कधी घेतलं नाही, आता कुठे घेऊ. गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर बंगळूरला असते, तिची छोकरी आता बोलायला लागलीय. मुलगी म्हणाली, "बाबा, हिला आजीचा फोटो दाखवते तर ही फोटोला कान लावते. हिला वाटतं, फोटो म्हणजे फोन. आईचा आवाज आहे का हो तुमच्याकडे? माझ्याकडे नुसते फोटो आहेत. व्हिडिओ बघितले, तर सगळ्यांत आई कॅमेऱ्याच्या मागे, नाहीतर गप्प."

मी म्हटलं, "आहे तर. बापाला काय समजलीस? बॅकअप आहे सगळा. पाठवतो."

फोन ठेवला आणि शोधायला बसलो. माझ्या फोनमध्ये काही नव्हतं. जुन्या फोनमध्ये नव्हतं. लॅपटॉपवर फोटो होते, लाइटबिलं होती, माझ्या बीपीचे रिपोर्ट वर्षवार लावलेले होते. हिचा एक शब्द नव्हता. दोन वर्षं मी बिनघोर होतो की आवाज आहे, कुठेतरी आहे, मन धजावलं की ऐकू. तो नव्हताच. ऐकलं की उडवायचं, हा नियम मी आधी स्वतःच्या घरात चालवला होता.

आता हे असं का झालं ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मी काही फार चांगला दिसत नाही.

ही समुद्राकाठची, सातपाटीच्या बाजूची, मच्छीमारांच्या घरातली. मी घाटावरचा. नोकरीला बोईसरला आलो आणि लग्न आम्ही आमचं आम्हीच ठरवलं. हिच्या तोंडी आहेला हाय, नाहीला नाय, आम्हीला आमी. लग्नाच्या वेळी मला ते फार गोड वाटायचं. हळूहळू वाटेनासं झालं. तसा मला माशांचा वाससुद्धा सुरुवातीला चालायचा नाही आणि नंतर त्याशिवाय जेवण जाईना. पण भाषेचं नेमकं उलटं झालं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी घरात मास्तर झालो. आहे म्हण, आहे. ती हसायची आणि म्हणायची, "बरं घाटी मास्तर, आहे."

स्मार्टफोन मीच तिला घेऊन दिला. टाइप करायचा तिला कंटाळा, त्यामुळे ती व्हॉइस मेसेज पाठवायची. आमच्या कंपनीत प्लँटमध्ये फोन न्यायला बंदी, गेटवरच्या खणात जमा करायचा आणि शिफ्ट सुटल्यावर घ्यायचा. भोंगा झाला की मी गेटवर उभा राहून दिवसभराचे निरोप एकदम ऐकायचो. येताना कोथमीर आना, घरातली हाय ती पिवली परली. कुकरची शिटी खराब हाय. बाजूवाल्यांकडं पाहुने आलेत, लवकर या, मला एकटीला बोलवंना. सात-आठ निरोप असायचे. कान दमलेले असायचे, म्हणून मी स्पीकर लावायचो, आणि आजूबाजूला सगळी शिफ्ट उभी असायची.

मग एक जण म्हणायला लागला, काय हाय वहिनी? दुसरा म्हणायचा, नाय बा, काय नाय. वाईट हेतू नव्हता कुणाचा, शिफ्ट सुटलेली माणसं, चेष्टा करणारच. पण मला लाज वाटली. हे मी आज लिहितोय, तेव्हा कबूल केलं नसतं. तेव्हा मी घरी येऊन तिला म्हटलं, "तू बोलून पाठवू नकोस. फोनमध्ये नवीन सोय आलीय, आपण बोलायचं आणि तो लिहितो. तेवढं शिक."

ती शिकली. मावशीकडे गेली होती केळव्याला, तिथून तिचा पहिला लिहिलेला निरोप आला. ती बोलली होती, आमी केलव्याला हाय. फोनने लिहिलं होतं: आर्मी कल्याणला हाय.

गेटवर उभ्या उभ्या मी इतका हसलो की वॉचमनने विचारलं, काय झालं साहेब. सगळ्यांना दाखवलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकला. दोन-तीन वर्षं तरी ते पुरलं. कुणाच्या घरी जेवायला गेलो की विचारायचे, आर्मी आली का बरोबर? हीसुद्धा हसायची. आमच्याकडे कुणी जेवायला आलं आणि तेच निघालं, तर वाटीत आमटी वाढता वाढता हसायची. मी त्या हसण्याकडे बघून समजलो की चाललंय ते बरं चाललंय.

त्यानंतर तिचे बोललेले निरोप हळूहळू बंद झाले. येऊ लागलं ते नुसतं हो, बरं, आले, आणि एक पिवळा अंगठा. मला वाटलं, शिकली एकदाची. आधीचे जे निरोप होते ते मी दर रविवारी दोघांचे फोन पुढ्यात घेऊन साफ करताना उडवत गेलो. आंघोळीनंतर नखं कापायची आणि फोन साफ करायचे, असा माझा रविवार.

मुलीचा फोन आला त्या दिवशी हे सगळं असं ओळीने आठवलं नाही. त्या दिवशी एवढंच सुचलं की तिचा फोन आहे. मी माझ्याकडून उडवलं तरी पाठवणाऱ्याकडे ते राहतं, ही तर मीच लोकांना सांगितलेली गोष्ट.

तिचा फोन कपाटावर होता, चार्जरला लावलेला. दोन वर्षं. लोकांना मी जे करू नका म्हणून घसा फोडून सांगतो, तेच मी केलं होतं. तिचा नंबर मी चालू ठेवला होता. संध्याकाळी कधी घर फारच गप्प झालं तर मी माझ्या फोनवरून तिला रिंग द्यायचो आणि कपाटावर तिची ती कोळीगीताची रिंगटोन वाजायची. पूर्ण वाजू द्यायचो, मग बंद करायचो. यापलीकडे फोन हातात घेतला नव्हता. गेले दोन-तीन आठवडे तर रिंगही दिली नव्हती, कारण ती दिली की जेवण जात नाही, असं लक्षात आलं होतं.

स्टुलावर चढून फोन काढला. मागचं झाकण फुगलं होतं आणि पुढची काच एका बाजूने पापडासारखी उचलली होती. बॅटरी फुगलेला फोन दाबायचा नाही, चार्ज करायचा नाही, काच, बॅटरी काही उचकटायचं नाही, सरळ जाणकाराकडे न्यायचा. हेही मी लोकांना सांगतो. वायर काढली, पेढ्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात फोन ठेवला, आणि तो डबा पोटाशी धरून रिक्षाने स्टेशनकडे गेलो.

स्टेशनजवळ एक रिपेअरवाला आहे, उत्तरेकडचा, माझ्याच वयाच्या आसपासचा. एका डोळ्याला भिंग लावून बसतो. माझ्या हाताबाहेरचे फोन मी त्याच्याकडेच पाठवतो. त्याने डबा उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"चार्जिंग पे कब से था?"

"दो साल."

"आप तो सबको सिखाते हो, भाईसाब."

त्याने विचारलं, फोन किसका है, आणि मी सांगितल्यावर त्याने भिंग काढून ठेवलं. मग म्हणाला की बॅटरी काढताना काच जाणार, ती गेलेलीच आहे. दुसरी बॅटरी टाकता येईल, पण हे मॉडेल आता निघत नाही, काच कुठल्यातरी जुन्या फोनची काढून बसवावी लागेल, मनोरला एकाकडे असे जुने फोन पडलेले असतात. आतला डेटा राहील का, याची गॅरंटी नाही. दो-तीन दिन दीजिए, म्हणाला.

ते दिवस मी कसे काढले ते मला माहीत. घरी बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सातपाटीकडची बस धरली, हिच्या मोठ्या बहिणीकडे. म्हटलं, बहिणीबहिणी रोज बोलायच्या, हिचा एखादा निरोप तिच्या फोनमध्ये राहिला असेल.

ताई अंगणात होत्या. आडव्या बांधलेल्या काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या, दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि काठीवर टाकायचे. मला बघून म्हणाल्या, "जावय, बसा. हात वले हायत माजे." मी बसलो. येण्याचं कारण सांगितलं. त्या काम करता करता ऐकत होत्या.

"माजा फोन बटनाचा," त्या म्हणाल्या. "त्यात कसला निरोप राहतो? ती फोन करायची, आमी बोलायचो, ठेवायचो. तास तास बोलायची."

"तास तास?"

"मग. तुमी डुटीवर गेले का लावायचीच."

मला खरंच माहीत नव्हतं. घरात ती कमी बोलायची. मी समजायचो, वय झालं, माणूस गप्प होतो. मी तसं म्हटलं. ताईंनी हातातले बोंबील काठीवर टाकले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"गप कशाला होईल? तुमच्यासंगं गप व्हायची. मला म्हनायची, मी तोंड उघरलं का आर्मी येते गो." आणि त्या हसल्या. अगदी हिच्यासारख्या, आमटी वाढताना हसायची तशा. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जेवून जा."

मी जेवलो. सुक्या बोंबलाचं कालवण होतं आणि तांदळाची भाकरी. ताई आत-बाहेर करत शेजारणीशी बोलत होत्या. पाठमोऱ्या असल्या की तो आवाज हुबेहूब हिचा. येताना बसमध्ये मला स्वतःचा इतका राग आला की शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिपेअरवाल्याचा फोन आला. फोन सुरू झाला होता. काच दुसऱ्या कुणाच्या फोनची, एका कोपऱ्यात चरा असलेली, पण आत सगळं तिचं होतं. पडद्यावर छोकरीचा तान्हेपणीचा फोटो. लॉक मीच घालून दिलेलं, ते बोटांना आठवत होतं. दुकानात उघडलं नाही. घरी आणलं, पाणी प्यायलो आणि खिडकीपाशी बसलो.

आमचे निरोप उघडले. वर वर सरकवत गेलो. हो. बरं. आले. अंगठा. अंगठा. आणखी वर, आर्मी कल्याणला हाय. त्याच्याही वर तिचे बोललेले निरोप होते. एकाखाली एक, प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. बारा सेकंद, एकोणीस सेकंद, एक चक्क दीड मिनिट. मी पहिल्यावर बोट ठेवलं. फाइल मिळत नाही. दुसऱ्यावर. फाइल मिळत नाही. रविवारी मी तिचाही फोन साफ करायचो, तो असा साफ झाला होता. खोकी होती, आतला माल मी फेकून दिला होता. दीड मिनिट ती मला काय सांगत होती, तेही आता आठवेना. मी सगळ्या निरोपांवर बोट ठेवून बघितलं. एकही सोडला नाही.

मुलीला काय सांगायचं, याचा विचार करत फोन चाळत राहिलो. मग एका कोपऱ्यात रेकॉर्डर दिसला, फोनबरोबर येतो तो. मी कुणालाही सांगतो, हे न वापरलेलं अॅप काढून टाका. तिच्या फोनमधून ते काढायचं माझ्याकडून कसं राहिलं, देव जाणे. उघडलं. आत सात फायली होत्या.

पहिली लावली. आधी पंख्याचा आवाज. मग घसा खाकरून ती म्हणाली, "मी घरी आहे." थांबली. "मी घरी आ-हे. आम्ही. आम्ही. आम्ही केळव्याला आहे. नाय... आहोत."

दोन वर्षांनी आवाज ऐकला तो हा.

एकदा आमचं भांडण झालं होतं. मी रागात म्हटलं होतं, "तू स्वतःला रेकॉर्ड करून ऐक एकदा, म्हणजे कळेल कशी बोलतेस." म्हटलं आणि विसरलो. तिने केलं होतं. मी ड्युटीवर गेल्यावर, घरात एकटी असताना, शाळेतल्या पोरीसारखा धडा घोकला होता. पिवळी पडली. पाहुणे. आण, आणा. तुम्ही. एका फाइलमध्ये मध्येच कुकरची शिटी होते, ती म्हणते, "थांब गं," आणि परत सुरू करते. सहाव्या फाइलमध्ये तर माझ्याशीच बोलते. "तुम्ही कधी येणार आहात? जेवण तयार आहे." इतकं स्वच्छ, इतकं बरोबर की मला ती परकी बाई वाटली. हेच तर मला हवं होतं ना? घ्या आता.

मी रडलो. दुपारी, खिडकी उघडी ठेवून रडलो.

सातवी फाइल सगळ्यांत मोठी. त्यात ती तेच घोकत असते. मी घरी आहे, मी घरी आहे, मी घरी आहे. तेवढ्यात दाराची बेल वाजते. रेकॉर्डिंग बंद करायचं तिच्या लक्षात राहत नाही. पावलं ऐकू येतात, आणि ती मोठ्याने, घाईने, आपल्या मूळच्या आवाजात म्हणते, "हाय हाय, घरात हाय मी, आले."

मी उठून उभा राहिलो. तीच. अगदी तीच.

कडी निघाल्याचा आवाज होतो. दार करकरतं. आणि मग एका पुरुषाचा आवाज येतो, कंटाळलेला, शिफ्ट करून आलेला. तो म्हणतो, "आहे म्हण. आहे."

इथे फाइल संपते. मी होतो तो.

नको तेवढं कापायचं कसं, हे मला येतं. शेजारच्यांना मीच शिकवलंय: दोन्ही टोकं बोटाने आत सरकवायची, मधला तुकडा ठेवायचा. पाच सेकंदांचं काम. ती "आले" म्हणते तिथे कापलं तर नातीला आजी मिळेल, मुलीला आई मिळेल, आणि मी कुठे सापडणार नाही. मी कापायला घेतलं होतं. दोन्ही टोकं सरकवून, बोट बटणावर आणलं होतं. मग सोडून दिलं. सगळ्यांसमोर हसलो होतो, तर हेही सगळ्यांसमोर असू दे.

आहे तशी पाठवली, आधीच्या सहासकट. थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. मागे छोकरीची बडबड ऐकू येत होती. मग म्हणाली, "बाबा, शेवटी तुम्हीच ना?"

"मीच."

"आई हे कधी बोलली नाही मला."

"मलाही नाही," मी म्हटलं.

आता त्या फायली तीन ठिकाणी आहेत. माझ्या फोनमध्ये, लॅपटॉपवर आणि मुलीकडे. तिचा फोन चार्जरवरून काढून ठेवलाय, कपाटाच्या आत. बिल्डिंगमधली माणसं येतात तेव्हा मी अजूनही बॅटरी आणि पासवर्ड यावर भाषण देतो, फक्त व्हॉइस मेसेज उडवा म्हणत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यावरून टोकलं, तर म्हटलं, राहू द्या हो, जागा आहे.

परवा कुरिअरवाला आला. खालून फोन केला, "काका, घरी आहात का?" मी खिडकीपाशी बसलो होतो. तोंडातून आपोआप निघालं, "हाय, घरात हाय मी."

मग थांबलो, आणि मागून कुणी काही म्हणतंय का, ते ऐकत राहिलो.